कमरेचे दप्तर

कामगार कल्याण अधिकारी हे पद कायद्याच्या पोटी जन्मले. 1948 च्या कारखाने अधिनियमाने, जेथे पाचशे वा त्याहून अधिक कामगार राबत असतील तेथे असा एक अधिकारी नेमावा असे मुक्रर केले; जेथे अडीचशेंहून अधिक असतील तेथे कँटीनची व्यवस्था असावी आणि तिच्या कारभारात कामगारांचे प्रतिनिधीही असावेत, अशीही तरतूद त्याच कायद्याच्या अमलात आली; आणि या दोन कलमांच्या दरम्यान माझ्या नोकरीचा बहुतेक काळ गेला. कारखाना भांडुप आणि मुलुंड यांच्या मधल्या पट्ट्यात, लालबहादूर शास्त्री मार्गावर होता; त्या मार्गाला आमचे जुने कामगार निवृत्त होईपर्यंत आग्रा रोडच म्हणत राहिले. रजेचे अर्ज, पतपेढीचे कर्ज, कोणाच्या घरचे लग्न तर कोणाच्या घरचे मर्तिक, गणवेशाचे कापड, न्हाणीघरातील गळके नळ आणि कँटीनमधील डाळीचा पातळपणा, असा सगळा संसार माझ्या टेबलावर येऊन पडे. वजन हा विषय त्या यादीत नव्हता. तो माझ्याकडे आला तो कँटीनच्या तेलाच्या डब्यातून आणि शिंप्याच्या वहीतून.

आरंभीच्या काळात, म्हणजे सत्तरीचे दशक सरत असताना, वजनाची चिंता उलट्या बाजूची होती. वार्षिक तपासणीत कोणाचे वजन दोन-तीन किलोंनी उतरलेले दिसले की कारखान्याचे डॉक्टर क्षयाच्या शंकेने छातीचा फोटो काढण्यासाठी चिठ्ठी लिहून देत, आणि तो मनुष्य ती चिठ्ठी खिशात घालून खालमानेने विमा रुग्णालयाची वाट धरी. वजन वाढल्याबद्दल चिठ्ठी लिहिल्याचे मला त्या दिवसांतले स्मरत नाही. पोट सुटणे ही बढतीची खूण होती; मुकादम झालेल्या माणसाची प्रकृती वर्षभरात 'सुधारली' नाही, तर त्याच्या घरी काही कलह असावा असा तर्क चाले.

गणवेशाचे कापड वर्षातून एकदा येई, आणि कंत्राटदाराचा शिंपी भांडारगृहाच्या ओसरीवर बसून एकेकाचे माप घेई. छाती, कंबर, उंची असे तीन रकाने आणि डाव्या अंगाला तिकीट नंबर, अशी त्याची लांबट वही असे. ती माझ्या सहीसाठी येई, तेव्हा गेल्या सालच्या वहीशी ती ताडून पाहण्याचा शिरस्ता मी पाडला. हेतू एवढाच की कापडाची उचल आणि प्रत्यक्ष शिलाई यांत तफावत राहू नये. कापडाचा हिशेब बहुधा बरोबर निघे. परंतु कमरेचा रकाना खाली उतरत गेलो की एक निराळाच तपशील हाती लागे. फोर्ज शॉपमधल्या, तापलेल्या लोखंडाशी आठ तास झटणाऱ्या माणसांचा आकडा वर्षानुवर्षे जागचा हलत नसे, आणि हेच लोक कँटीनमध्ये भाताचे डोंगर उपसणारे म्हणून प्रसिद्ध होते. टाइम ऑफिसातील कारकून, क्रेनच्या केबिनमध्ये बसणारे चालक आणि फाटकावरचे पहारेकरी हे मात्र ताटात बेताने वाढून घेत, आणि तरीही दरसाल शिंप्याकडून अर्धा-एक इंच कापड अधिक वसूल करीत. फोर्जमधून हलक्या कामावर बदली झालेला मनुष्य दोन-तीन वर्षांत पहिल्या यादीतून दुसऱ्या यादीत आपोआप जाई. त्याच्या स्वभावात, संयमात वा श्रद्धेत काही फरक पडलेला नसे. बदलीच्या हुकुमाने फक्त त्याची जागा हललेली असे.

मी ही गोष्ट आमच्या डॉक्टरांना बोलून दाखविली तेव्हा ते हसले, आणि त्यांनी मला लंडनच्या बसगाड्यांची हकिकत सांगितली. जेरेमी मॉरिस नावाच्या वैद्यकाने तेथील दुमजली बसवरील चालक आणि वाहक यांची तुलना करून 1953 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात असे दाखविले की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा, पाळीत शेकडो पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी गाठतो. पुढे 1956 मध्ये त्याच मंडळींनी गणवेशांच्या मापांवर एक लेख लिहिला, आणि चालकांच्या विजारींची कंबर वाहकांच्या विजारींहून मोठी असते हे त्यातून उघड झाले. माझ्या टेबलावरची जुनाट वही एका विलायती शोधनिबंधाची दूरची बहीण आहे हे कळल्यावर तिला मी कपाटातल्या कुलपाच्या कप्प्यात हलविले. बेस्टच्या दुमजली गाड्या तेव्हा मुंबईत जोरात होत्या. 1937 पासून धावणाऱ्या त्या जुन्या गाड्यांतली अखेरची 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, आणि तिच्याबरोबर वाहकाचा तो जिनाही गेला.

ऐंशीच्या दशकात कारखान्यात विजेवर चालणारे उचलयंत्र आले, मालाच्या ढकलगाड्या जाऊन फोर्कलिफ्ट आल्या, भांडुप स्थानकापासून कंपनीची बस सुरू झाली. या प्रत्येक सोयीसाठी युनियनने रास्त तगादा लावला होता आणि मी स्वतः तिची शिफारस केली होती, आणि आजही करीन. माणसाची पाठ मोडून त्याची कंबर बारीक ठेवणे हे काही कल्याण नव्हे. परंतु श्रम आठ-दहा वर्षांत निघून गेले आणि श्रमांसाठी बांधलेली भूक मात्र पुढच्या पिढीपर्यंत टिकून राहिली. फोर्जमधल्या बापाचे ताट कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलासमोर जसेच्या तसे येऊ लागले. उपनगरांतील मराठी घरांत वजनाचा जो प्रश्न आज दिसतो त्याचे मूळ मला लोकांच्या लोभीपणात कधीच दिसले नाही. ते या वारशात दिसले.

कँटीनमध्ये काही फेरफार करावा असे मी ठरविले तेव्हा माझ्यापुढे पहिला अडसर आला तो कँटीन समितीचा. समितीवरचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना सारा कारखाना मामा म्हणे, मूळचे सातारकडचे आणि बोलण्यात अत्यंत रोखठोक होते. तेलाचा विषय निघताच ते म्हणाले, "साहेब, वरती तर्री नसंल तर ती उसळ आजाऱ्याची. आमची माणसं आजारी न्हाईत." यावर आकडे फेकून उपयोग नव्हता. मी तेल कमी करण्याची भाषाच सोडून दिली आणि ठराव असा मांडला की, भांडारातून आचाऱ्याला तेल डब्याने न देता वजनाने द्यावे आणि त्याची नोंद दररोज फलकावर लावावी. चोरीला आळा घालण्याचा ठराव कोणतीही समिती फेटाळीत नाही. महिनाभर फलक लागल्यावर माणशी किती तेल पोटात जाते याचा हिशेब कामगारांनी स्वतःच केला, आणि मामांनीच एके दिवशी विचारले की एवढे तेल घरच्या फोडणीत तरी पडते का.

दुसरा फेरफार केला तो वाढण्याच्या क्रमात. रांगेच्या आरंभी भात असे. ताटाचा निम्मा भाग तेथेच भरे आणि उसळ-कोशिंबिरीला उरलेल्या कडेकोपऱ्यात आश्रय घ्यावा लागे. तो क्रम उलटा करून आम्ही कोशिंबीर आणि मोडाची उसळ आरंभी, पोळ्या मध्ये आणि भात अखेरीस ठेवला. भात हवा तेवढा मिळत होता, बंदी कशावरच नव्हती. पण ताटात जागा नसली की वाढप्याकडे मागण्याचा उत्साहही निम्मा होतो. चहातली साखर वेगळी ठेवण्याचा प्रयोग मात्र साफ आपटला. पाळीत पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर तेवढ्यानेच पन्नास ग्रॅमचा आकडा गाठला जातो, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा पंचवीस ग्रॅमच सांगितली आहे. पण चहाच्या बाबतीत मराठी कामगाराशी वाटाघाट होऊ शकत नाही हे मी तेव्हा मान्य केले, आणि दुपारच्या दुसऱ्या चहाबरोबर ताकाचा पेला ठेवून समाधान मानले. निम्मे लोक ताकाकडे वळले. उरलेले निम्मे दोन्ही पिऊ लागले.

नव्वदीनंतर स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, आमच्या पट्ट्यातील धुराडी एकेक करून थंडावली आणि त्या जमिनींवर मॉल आणि उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. ज्यांना मी फोर्जमध्ये पाहिले होते ते काही त्याच इमारतींच्या फाटकावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत पहारेकरी म्हणून बसलेले दिसू लागले, काहींनी रिक्षा घेतली. शिंप्याची वही तेव्हा अस्तित्वात असती तर तिचे रकाने पुरले नसते.

मी स्वतः अंधेरी पूर्वेला एका कार्यालयात मनुष्यबळ विभागात रुजू झालो. तेथे कामगार नव्हते, 'असोसिएट' होते. कँटीन नव्हते, 'पँट्री' होती. आणि अमेरिकेतल्या दिवसाशी जुळणारी रात्रपाळी होती, जिच्यात पहाटे तीनच्या सुमारास सामोसे येत. या कार्यालयात दरवर्षी वजन घटविण्याची स्पर्धा होई. तीन महिन्यांची मुदत, आरंभी वजन, अखेरीस वजन, आणि सर्वाधिक घट दाखविणाऱ्यास रोख बक्षीस. पहिल्या वर्षी ज्याने पारितोषिक पटकावले, त्यानेच एक वर्ष सोडून पुन्हा ते पटकावले, आणि टाळ्याही पुन्हा तितक्याच उत्साहाने वाजल्या. मधल्या काळात घटविलेले सारे वजन परत जमा झाल्याखेरीज दुसरे बक्षीस मिळणे जवळजवळ अशक्य होते, हा साधा हिशेब त्या सभागृहात कोणी मांडला नाही. गळती तशीच ठेवून दिवाळीपूर्वी भिंतीला रंग देणाऱ्या सोसायटीसारखा तो प्रकार होता.

या पुनरागमनाची कारणे शरीराच्या रचनेतच आहेत. एक किलो मेद म्हणजे सुमारे 7,700 किलोकॅलरींचा साठा, आणि तो झपाट्याने उपसू लागले की देह दुष्काळ पडल्याच्या समजुतीने खर्चात काटकसर करतो आणि भुकेचा तगादा वाढवितो. अमेरिकेतील मिनेसोटा येथे 1944-45 मध्ये अॅन्सेल कीज यांनी छत्तीस निरोगी तरुणांना स्वेच्छेने अर्धपोटी ठेवून जो प्रयोग केला, त्यात उपासमारीची मुदत संपून पोटभर अन्न मिळू लागल्यावरही त्या तरुणांची भूक दीर्घकाळ शमली नाही. ते छत्तीस जण मनाने दुबळे होते असे कोणी म्हटलेले नाही. आमच्या विजेत्याला मात्र सहकारी 'विल पॉवर नाही' असे खुशाल म्हणत.

त्याच कार्यालयात लेखा विभागात बोरिवलीहून येणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी स्पर्धेत कधी नाव घातले नाही, आणि सुमारे दहा किलो वजन उतरवून ते टिकविले. त्यांची कैफियत मी पुष्कळदा ऐकली आणि तिच्यात नाट्य कोठेच नव्हते. अंधेरी स्थानकावरून चकाल्यापर्यंत त्या भागीदारीच्या रिक्षाने येत. 2008 मध्ये मेट्रोच्या कामासाठी अंधेरी-कुर्ला रस्ता खणला गेला, रिक्षा आणि पादचारी यांना सारखाच वेळ लागू लागला, तेव्हा त्या पायी येऊ लागल्या. परतीच्या लोकल गाडीत भाजी निवडणाऱ्या मैत्रिणी होत्याच; त्यांच्या संगतीने संध्याकाळची भाजी बोरिवली येईपर्यंत निवडून होई, आणि घरी पोचल्यावर भुकेच्या घाईत फरसाणाच्या डब्यात जाणारा हात थांबला. "सर, मी डाएट वगैरे काही केलं नाही. फक्त मुलांच्या ताटातलं उरलेलं मी खायचं नाही, एवढंच ठरवलं," असे त्या म्हणाल्या. मुलांना आरंभीच कमी वाढायचे आणि पातेल्यात उरले तर सकाळच्या डब्यात घालायचे, असा त्यांनी बंदोबस्त केला. उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून ते आपल्या पोटात ठेवण्याची जी रीत आपल्या घरांतील स्त्रियांवर पिढ्यान्पिढ्या लादली गेली आहे, तिचा हिशेब कोणत्याही आहारतक्त्यात मला आढळला नाही. 8 जून 2014 रोजी वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, बाई वातानुकूलित डब्यातून येऊ लागल्या आणि वर्षभरात वजनकाटा पुन्हा वर सरकला. मग त्यांनी सकाळी मेट्रो आणि संध्याकाळी पायी अशी वाटणी केली. ती, माझ्या माहितीप्रमाणे, अद्याप चालू आहे.

घाटकोपरला आमच्या शेजारी एक जैन गृहस्थ राहत. ते चौविहार पाळीत, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य. त्यांच्या कमरेचा घेर उतारवयापर्यंत बदलला नाही. परंतु केवळ व्रताला हे श्रेय देणे मला धाडसाचे वाटते, कारण आमच्याकडेही व्रते थोडी नाहीत आणि एकादशी दुप्पट खाशी ही म्हण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि दाण्याची आमटी यांच्या साक्षीने आम्हीच रचली आहे. त्यांच्या व्रताचे बळ असे की सारे घर ते पाळी. संध्याकाळी सातनंतर त्या स्वयंपाकघरात दिवाच नसे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्राच्या घराघरांत पोचविलेली, दिवसातून दोनच वेळा आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत मी अनेकांना आचरताना पाहिली. ज्यांच्या घरातील चार माणसांनी ती वेळ स्वीकारली त्यांना ती मानवली; ज्यांनी एकट्याने, इतरांच्या फराळाकडे पाहत ती पाळली, ते गणपतीपर्यंत टिकले.

काट्यावरच्या आकड्याचे प्रस्थही मला पुढे फाजील वाटू लागले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्यासह 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध केले. त्यात दोघांची छायाचित्रे शेजारीशेजारी आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, पण शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे 9.1 टक्के आणि याज्ञिकांचे 21.2 टक्के. आपला मनुष्य हातापायांनी सडपातळ दिसतो आणि मेद पोटाच्या आत साठवितो, म्हणून आपल्याकडे अतिवजनाची रेषा 25 ऐवजी 23 वर ओढतात, आणि कमरेची मर्यादा पुरुषांना 90 व स्त्रियांना 80 सेंटिमीटर धरतात. आमच्या शिंप्याला यातले काही ठाऊक नव्हते, तरी फीत तो नेमकी योग्य ठिकाणी लावीत असे.

निवृत्तीनंतर बोरिवलीला आलो तेव्हापासून राष्ट्रीय उद्यानात सकाळी जाणे होते. कान्हेरीच्या दिशेने जाणारा तो छायेचा रस्ता म्हणजे उपनगरवासीयांवर निसर्गाचे केवढे तरी ऋण आहे. तेथे भेटणाऱ्या फिरस्त्यांत एक समज दृढ असतो की चालले की वजन उतरते. सत्तर किलोंच्या माणसाने तासभर बऱ्यापैकी पाय उचलले तर सुमारे अडीचशे किलोकॅलरी खर्च होतात, आणि बाहेर पडल्यावर जो एक वडापाव खाल्ला जातो त्यात तेवढ्या किंवा किंचित अधिकच परत येतात. चालण्याचे खरे मोल उतरलेले वजन उतरलेले ठेवण्यात आहे. अमेरिकेत 1994 पासून अशा माणसांची एक नोंदवही ठेवली जाते, ज्यांनी किमान 13.6 किलो वजन घटवून निदान वर्षभर टिकविले. त्यांच्यातील बहुतेकांच्या दिनक्रमात दररोज तासाभराच्या हालचालीची आणि नियमित वजन पाहण्याची सवय आढळते. घटविण्याची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. टिकविणारे एकमेकांसारखे दिसतात.

आता भूक मंदावणारी इंजेक्शने आली आहेत. 2025 मध्ये ती आपल्या औषधांच्या दुकानांतही पोचली. ज्यांना मधुमेह वा अन्य व्याधी आहे त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती अवश्य उपकारक ठरोत. मात्र ती थांबविली की गेलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो असे चाचण्यांत दिसले आहे, म्हणजे प्रश्न पुन्हा त्याच जागी येतो: घराची आणि कामाची मांडणी कशी आहे?

सध्या हा प्रश्न मला सोसायटीच्या सभेत पडला आहे. आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नसलेली, आणि गेली कित्येक वर्षे येथली सत्तरी उलटलेली मंडळी दूध, पेपर आणि भाजीसाठी जिना चढत-उतरत आली. आता पुनर्विकास होऊन बावीस मजले उभे राहावयाचे आहेत. लिफ्टची नितांत आवश्यकता आहे, गुडघे दुखणाऱ्यांना ती लवकर मिळावी हेही खरे. पण नकाशात जिना म्हणजे दोन अग्निरोधक दारांमागे कोंडलेला, खिडकी नसलेला एक काळोखी चौकोन आहे. निदान खालच्या पाच मजल्यांपर्यंत जिन्याला उजेड आणि वारा मिळावा, आणि त्याचे दार लिफ्टच्या समोर यावे, अशी लेखी सूचना मी दिली. त्यावर एक तरुण सभासद म्हणाले, "काका, पोडियमवर अख्खी जिम फुकट मिळतेय, जिना कशाला हवाय?" दुसऱ्या एका बाईंनी मात्र विचारले की त्या जिमची मासिक देखभाल कोण भरणार, आणि चर्चा तासभर तेथेच घोटाळली. अग्निशमनाच्या नियमांत हे बसते की नाही ते वास्तुविशारद लेखी कळविणार आहेत. तोवर विषयपत्रिकेवरील नववा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब आहे.